नऊ नंबरची वाट

आमच्या नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात मी सतरा वर्षं आवक-जावक लिहिली आणि त्या सतराही वर्षांत माझ्या समोरच्या टेबलावर बाई बसायच्या. त्यांना नाव होतं, पण ते हजेरीपटापुरतं. एरवी तोंडावर 'बाई' आणि पाठ वळली की 'वाटबाई'. गावातून समुद्राकडे उतरणाऱ्या ज्या सार्वजनिक पायवाटा आहेत त्या मोकळ्या ठेवायच्या, हे त्यांचं काम. वर्षातून दोनदा प्रत्येक वाट चालायची, फितीनं मोजायची, फलक जागेवर आहे का बघायचं आणि कुणी कुंडी, पायरी किंवा भिंत पुढे सरकवली असेल तर नोटीस काढायची.

ऐकायला सोपं वाटतं. पण माणसाला खिडकीतून समुद्र दिसायला लागला की काही दिवसांनी तो त्याला आपलाच वाटायला लागतो. आधी एक कुंडी वाटेत येते. मग कुंडीला सोबत म्हणून दुसरी. मग कुंड्यांना ऊन लागतं म्हणून पत्रा, आणि पत्र्याला आधार म्हणून भिंत. बाई नोकरीला लागल्या तेव्हा अशा चौदा वाटा होत्या. मी आलो तोवर त्या नऊवर आल्या होत्या. एक समुद्रानं गिळली, तिच्याबद्दल बाईंची काही तक्रार नव्हती. बाकीच्या चार माणसांनी गिळल्या. एकीवर तर हॉटेलचं स्वयंपाकघर उभं राहिलं. कोर्टात तारखा पडत राहिल्या आणि तारखांच्या मधे मजले चढत राहिले.

बाई अंगानं बारीक, पायात पुरुषी बूट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत फीत, खडू, वही आणि गुडघ्याला बांधायचा पट्टा. वाटांवरून परतल्या की खुर्चीत बसून आधी गुडघ्याचा पट्टा सोडायच्या. आमच्या खोलीतली एकुलती एक खिडकी उघडली की कागद उडायचे आणि मिटली की जीव गुदमरायचा. बाईंनी तिला कायम अर्धवट ठेवली. संध्याकाळी घरी गेल्या की गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायच्या. त्यांचे यजमान बस डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. ते बादली आधीच भरून ठेवायचे आणि म्हणायचे, "हिच्या पायांनी गाव झिजवलं, की गावानं हिचे पाय, देव जाणे."

अकरा वर्षांपूर्वीची एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

नऊ नंबरची वाट बर्फाच्या कारखान्याजवळून सुटते. चार फूट रुंद, दोन आवारांच्या मधून जाते आणि शेवटी बावीस पायऱ्या उतरून वाळूत संपते. तिच्या डाव्या हाताचं बैठं घर बाईंच्या थोरल्या नणंदेचं. तेव्हा उजवीकडे नुसतं मोकळं रान होतं. नणंदेचा नवरा बोटींच्या इंजिनांचा मिस्त्री. बायकोची पाठ धरते, तिला बादल्या उचलाव्या लागू नयेत, म्हणून त्यानं घराच्या भिंतीला लागून स्वतःच्या हातानं एक मोरी बांधली. धुण्याचा दगड, नळ, वर पत्रा, आणि पाणी तुंबू नये म्हणून सिमेंटला असा बेतशीर उतार की गवंड्यानंही बघत राहावं. फक्त ती दीड फूट वाटेत आली होती. साबणाचं पाणी वाटेवर वाहायचं. जाळी विणणारा एक म्हातारा त्यावरून घसरला, मनगट मोडलं. रीतसर तक्रार आली.

आमचे इंजिनिअरसाहेब तेव्हा म्हणाले होते, "बाई, घरचं प्रकरण आहे. मी दुसऱ्या कुणाला पाठवतो."

"कुणाला पाठवणार, साहेब?" बाई म्हणाल्या. "वाटांना मी एकटीच आहे."

त्या स्वतः गेल्या. दोन मजूर, दोन हातोडे आणि हातात फीत. मिस्त्रीनं पान्हा आणून नळ तेवढा सोडवून घेतला, हातोडा लागून फुटू नये म्हणून. नणंद दारात उभी होती. शेवटचा तुकडा पडल्यावर ती म्हणाली, "आजपासून तू माझ्या भावाची बायको. माझी कुणी नाहीस."

आठ महिन्यांनी मिस्त्री हृदयविकारानं गेला. त्याचा मोरीशी काही संबंध नव्हता, डॉक्टरांनी दोन वर्षं आधीच सांगून ठेवलं होतं. पण दुःखाला डॉक्टरांचा कागद चालत नाही. बाई भेटायला गेल्या, तेव्हा नणंदेनं तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर यजमान एकटेच बहिणीकडे जायचे, आणि घरी येऊन तिथलं काही सांगायचे नाहीत.

आता अलीकडचं. वाटेच्या उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेत गावातल्या दंतवैद्यानं बंगला बांधला. माणूस वाईट नव्हता. हळू बोलायचा, गरिबाचा दात फुकट काढायचा. पण राहायला आल्यावर महिन्याभरात त्यानं वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक लावलं, हिरवा रंग दिला, कुलूप घातलं आणि वर पाटी: 'खाजगी मार्ग'. बाईंनी नोटीस काढली. त्याच्या वकिलाचं उत्तर आलं की अशी कुठली सार्वजनिक वाट तिथे नाहीच. दोन आवारांमधली ती नुसती फट आहे आणि ती आमच्या अशिलाच्या हद्दीत येते.

बाईंनी नकाशा काढला. कापडावर चिकटवलेला जुना नकाशा, वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी घड्या पडून पडून झिजलेला. नऊ नंबरच्या जागी नेमक्या दोन घड्या एकमेकींना छेदत होत्या. तिथे बोट जाईल एवढं भोक होतं. जुन्या फायली कचेरी हलवताना तळघरात टाकलेल्या. खाऱ्या ओलीनं त्यांच्या विटा झाल्या होत्या. पानं सुटता सुटेनात. मी आणि बाई दोन दिवस तळघरात बसून त्या विटा फोडत होतो. काही हाती लागलं नाही, मला सर्दी तेवढी झाली.

आमच्याकडचा नियम असा: मागच्या बारा वर्षांत लोक ती वाट वापरत होते आणि नगरपालिका तिला सार्वजनिक मानत होती, हे दाखवता आलं तर वाट राहते. नाही दाखवता आलं तर गेली. म्हणजे साक्षीदार हवे होते.

बाई दारोदार फिरल्या. मनगट मोडलेला म्हातारा परगावी मुलीकडे होता आणि त्याला आता स्वतःच्या मुलीचंही नाव आठवत नव्हतं. बोटी रंगवणारा पेंटर रोज त्या वाटेनं जायचा. त्यानं बाईंना बसवलं, पंखा लावला आणि गालावर हात ठेवून म्हणाला, "दाढेचं अर्धं काम बाकी आहे हो माझं. ज्याच्यापुढे तोंड उघडायचं, त्याच्याविरुद्ध कसं उघडणार?" एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "जात होते मी, नाही कशाला म्हणू? पण लिहून घेऊ नका." गावात दंतवैद्य एकच, आणि निम्म्या गावाचे दात त्याच्या हातात. बाई एकोणीस घरं फिरल्या आणि एकही सही न घेता परत आल्या.

त्या रात्रीच्या जेवणानंतर यजमान म्हणाले, "ताईकडे जा."

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

जबाब घ्यायला खात्याची दोन माणसं लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंबरोबर मी गेलो. नणंद बोटींवर घालायची ताडपत्रीची आच्छादनं शिवायची. खोली अरुंद, मधोमध जाडजूड शिलाई मशीन आणि सगळीकडे निळ्या ताडपत्रीचे ढीग. चालायचं तर ढिगांवर पाय देऊन. ती साठीच्या पुढची, मनगटं पुरुषासारखी.

"बसा," ती मला म्हणाली. बाईंना नाही. बाई दाराशी उभ्याच राहिल्या.

"वन्सं," बाई म्हणाल्या, "वाटेसंदर्भात आलेय. तुम्ही रोज सकाळी खाली जात होतात. तेवढंच लिहून हवंय."

नणंदेनं माझ्याकडे बघून सांगितलं, "यांना म्हणावं, माझे कान धड आहेत. पण या आवाजासाठी नाहीत."

मी कसला निरोप्या होणार? बाईंनी फाटकाचं, नकाशातल्या भोकाचं, सुनावणीच्या तारखेचं सगळं सांगितलं. नणंद ऐकत होती, पण बघत होती सुईकडे. शेवटी मलाच म्हणाली, "तेव्हा यांना दीड फूट दिसला. माणूस नाही दिसला. आता माणूस लागला होय?"

"तेव्हाही दिसला होता, वन्सं," बाई म्हणाल्या.

"मग?" हा प्रश्न तिनं थेट बाईंना विचारला. अकरा वर्षांतला पहिला शब्द. तो तोंडातून गेला हे तिच्याही लक्षात आलं असावं, कारण तिनं लगेच मशीन सुरू केलं आणि त्या खडखडाटात पुढे काही बोलणं शक्यच नव्हतं.

परतताना एका बंद दुकानाच्या पायरीवर बाई बसल्या. बूट काढला. पाय सुजून त्यावर मोज्याची जाळी उमटली होती.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मला आता खरंच कंटाळा आलाय. गेली वाट तर जाऊ दे. कोण वापरतंय? मी निवृत्त होईन आठ महिन्यांत, मग उरलेल्या आठही गेल्या तरी मला कोण विचारणार आहे?"

"मग तारखेला जाऊ नका," मी म्हटलं. मला ते मनापासून वाटत होतं.

बाई बराच वेळ पाय चोळत बसल्या, मग बूट घातला आणि म्हणाल्या, "वहीची पानं तेवढी नंबर घालून ठेवते आज."

सुनावणीची खोली म्हणजे एक लांब टेबल, आठ खुर्च्या आणि करकरणारा पंखा. अधिकारी वयानं बाईंपेक्षा वीस वर्षांनी तरुण. दंतवैद्य वकिलाशेजारी बसला होता, बाईंना बघून त्यानं नमस्कारही केला. बाईंनी आपल्या वह्या मांडल्या. प्रत्येक पाहणीची तारीख, रुंदी, पायऱ्यांची अवस्था, फलकाची अवस्था.

वकिलानं एक वही चाळली. "अक्षर सुंदर आहे," तो म्हणाला. "पण साहेब, ही यांनीच लिहिलेली, यांनीच तपासलेली. नकाशात भोक आहे. फाईल सापडत नाही. साक्षीदार एकही नाही. ही वाट फक्त या बाईंनाच दिसते, असं म्हणावं लागेल."

अधिकारी बाईंना म्हणाला, "आणखी काही आहे का तुमच्याकडे?"

"नाही," बाई म्हणाल्या. खोलीत त्यांचा तो 'नाही' इतका थकलेला वाटला की अधिकाऱ्यानं पेन उचललं होतं, ते पुन्हा खाली ठेवलं.

तेवढ्यात दार ढकलून नणंद आत आली. धाप लागली होती. बाहेरच्या शिपायाशी तिचं आधीच वाजलं असावं, कारण तो मागून हात जोडून उभा होता.

"मला बोलायचंय," ती म्हणाली.

"आपण कोण?"

"शेजारीण. त्या वाटेची."

तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. वकिलाकडे वळून म्हणाली, "तुम्ही म्हणताय तिथे वाट नव्हतीच?"

"आमचं म्हणणं तसं आहे."

"मग माझी मोरी कशासाठी फोडली?"

कुणालाच काही कळेना. तिनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला. अकरा वर्षांपूर्वीची ती नोटीस. शिक्क्यासकट, तारखेसकट, खाली बाईंची सही. आमच्या तळघरात जिची वीट झाली होती, तिची मूळ प्रत नणंदेनं नवऱ्याच्या कपड्यांबरोबर ट्रंकेत ठेवून दिली होती. रागानं जपलेली वस्तू मायेनं जपलेल्या वस्तूपेक्षा कधीकधी नीट राहते. अधिकाऱ्यानं मोठ्यानं वाचलं: "सार्वजनिक वाट क्रमांक नऊ, या वाटेवरील दीड फूट अतिक्रमण..."

वकील सावरून बसला. "तुम्ही या बाईंच्या नातेवाईक ना?"

"होते," नणंद म्हणाली.

अधिकारी हसला, मग त्यानं हसू आवरलं.

"गावात कुणालाही विचारा," ती पुढे म्हणाली, "अकरा वर्षं मी हिच्याशी बोललेली नाही. हिला मदत करायला आलेली नाही मी. ही म्हणाली वाट आहे, म्हणून माझ्या माणसानं निमूट नळ काढून दिला. आता तुम्ही म्हणता वाट नव्हती. मग तो काय वेडा होता? वाट नसेल तर माझी मोरी मला बांधून द्या. होती तशी, उतारासकट. आणि वाट असेल तर ते कुलूप काढा. त्या वाटेनं मी रोज उतरत होते, तो असतानाही आणि गेल्यावरही, फाटक लागेपर्यंत. कुठे सही करू?"

दंतवैद्य मान खाली घालून बसला होता. वकील त्याच्या कानाशी काही बोलायला गेला, तर त्यानं हातानंच नको म्हटलं.

सुनावणी संपल्यावर बाहेर बाकावर नणंद दम खात बसली. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. ती तिनं घेतली नाही. मग बाईंनी ती माझ्या हातात दिली, मी पुढे केली, तेव्हा घेतली. पाणी पिऊन मला म्हणाली, "यांना सांगा, कागदाची झेरॉक्स ठेवून घ्या म्हणावं. मूळ कागद मला परत हवा."

तीन आठवड्यांनी निकाल लागला. वाट सार्वजनिक, फाटक हटवा. दंतवैद्यानं ते स्वतःच माणूस लावून काढलं. आम्ही फलक लावायला गेलो तेव्हा तो बाहेर आला.

"बाई, निकाल मान्य आहे," तो म्हणाला. "पण लोक इथे बाटल्या फोडतात, भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, त्याचं काय? मी मजेखातर नव्हतं लावलं फाटक."

"खरं आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "पण बाटल्यांचं खातं वेगळं आहे." पण ते बोलणं त्यांचं त्यांनाच बरं वाटलं नसावं, कारण पुढच्या आठवड्यात घरून खराटा घेऊन गेल्या आणि बावीस पायऱ्या झाडून आल्या. दुसऱ्या दिवशी कमरेनं रजा टाकायला लावली.

मला वाटलं होतं, जिंकल्यावर बाई जरा खुलतील. तसं काही झालं नाही. उरलेले महिने त्यांनी दुसऱ्याच कामात घालवले: तो मूळ कागद परत मिळवण्याच्या. पुरावा म्हणून जमा झालेला कागद सुटणं म्हणजे वाघाच्या तोंडातून हाड काढणं. एक अर्ज, मग अर्जाला जोडपत्र, मग 'साहेब रजेवर आहेत', मग 'हा अर्ज मूळ कागदाच्या मालकानंच करायला हवा'. त्यासाठी नणंदेची सही यजमानांमार्फत आणली. पुढे कळलं की सही जांभळ्या शाईत चालत नाही. बाई दोन मजले चढायच्या, उतरायच्या, पट्टा सैल करायच्या, पुन्हा चढायच्या.

"जाऊ द्या ना, झेरॉक्स देऊ की," मी एकदा म्हटलं.

"झेरॉक्सवर त्यांच्या बोटांचे डाग नाहीत," बाई म्हणाल्या. मिस्त्रीनं ती नोटीस ग्रीसच्या हातांनी घेतली होती, हे मला तेव्हा कळलं.

निवृत्तीच्या चार दिवस आधी कागद मिळाला. त्यांनी तो पुठ्ठ्यात घालून यजमानांबरोबर पाठवून दिला. सोबत चिठ्ठी वगैरे काही नाही.

शेवटच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं, खात्यातर्फे प्रवासी बॅग दिली. बाईंनी वाटांची फाईल, वह्या आणि फीत नव्या ज्युनिअर इंजिनिअरकडे नेली. तो फोनवर होता. त्यानं कपाटाकडे बोट केलं, "ठेवा तिथे." बाईंनी तिथे ठेवली. त्यांच्या जागी कुणाला नेमलं नाही, अजूनही नाही.

दुसऱ्या दिवशीचं मला त्यांच्या यजमानांनी सांगितलं. बाई दुपारी जेवून आडव्या झाल्या आणि गाढ झोपल्या. इतकं दमलेलं माणूस झोपताना घोरतही नाही, ते म्हणाले. तीनच्या सुमाराला दार वाजलं. बघतात तर ताई. अकरा वर्षांत या घराची पायरी न चढलेली. ते आनंदानं बायकोला उठवायला वळले, तर तिनं दंडाला धरून थांबवलं.

"झोपू दे तिला."

मग दोघं बहीणभाऊ स्वयंपाकघरात बसले. त्यांनी चहा केला. ताईनं मशीनच्या पट्ट्याबद्दल सांगितलं, भावाच्या मोतीबिंदूबद्दल विचारलं. कागद मिळाला एवढंच म्हणाली. निघताना आतल्या खोलीच्या दाराशी थांबली. बाई कुशीवर झोपल्या होत्या, सुजलेले पाय चादरीबाहेर.

"इतकी कशी वाळली ही?" ती म्हणाली, आणि चप्पल हातात घेऊन, आवाज न करता बाहेर गेली.

बाई पाच वाजता उठल्या. ओट्यावर दोन कप दिसले. कोण आलं होतं, विचारलं. यजमानांनी सांगितलं.

"मग उठवलं का नाही मला?"

"ताई नको म्हणाली."

बाई पलंगाच्या कडेला बसल्या.

"पुन्हा येते म्हणाल्या का?"

"येत नाही असं नाही म्हणाली."

बाईंनी मान हलवली आणि पुन्हा आडव्या झाल्या.